मनोरीची खाद्यसहल : स्वरूप, साधने आणि परिणाम

मनोरीची खाद्यसहल मालाड स्टेशनच्या पश्चिमेला सुरू होते आणि बेसावध राहिल्यास तिथेच संपते. मार्व्याला जाणारी 272 नंबरची बस येईपर्यंत सहलकराला पहिली भूक लागते. या भुकेशी पोटाचा काही संबंध नसतो, घरातून एकदाचे निघालो या आनंदाची ती भूक. मुरलेले सहलकर तिला दाद देत नाहीत. बाकीचे दोन-दोन वडापाव हाणून बसमध्ये चढतात आणि पुढे मनोरीत ‘इथलं काहीतरी खास खाऊ या’ म्हणत पोटावर हात फिरवत हिंडतात.

मनोरी हे बोरिवली तालुक्यातले, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे गाव. गोराई आणि उत्तन यांच्यासह ते धारावी बेटावर वसले आहे. माटुंगा-माहीमच्या मधल्या धारावीशी या बेटाचे फक्त नाव जुळते. भाईंदरहून उत्तनमार्गे इथे रस्त्यानेही येता येते. पण तसा येणारा माणूस कामासाठी आलेला समजावा. खरा सहलकर मार्व्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडतो. बोटीत मोटारसायकली असतात, भाजीच्या पाट्या असतात, रोजची ये-जा करणारे गावकरी असतात आणि बोट सुटल्यावर ‘लाइफ जॅकेट कुठे असतात हो?’ असे विचारणारे एक काका असतात. गावकरी त्यांच्याकडे बघतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालतात. हा जलप्रवास जेमतेम पाच-दहा मिनिटांचा, पण तेवढ्यात अंधेरी-बोरिवलीच्या माणसाला आपण मुंबई सोडून फार लांब आल्याची खात्री पटते. वास्तविक तो मुंबई महापालिकेच्याच हद्दीत असतो. मालाडला ज्या भजीकडे त्याने ढुंकूनही पाहिले नसते, तीच भजी पलीकडच्या काठावर ‘काय चव आहे!’ या पदवीला पोचते. मनोरीच्या खाण्यातला पहिला मसाला म्हणजे ही खाडी, आणि तिचे पैसे बोटीच्या तिकिटातच वसूल होतात.

उतरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला.

“मावशी, इथली स्पेशालिटी काय?”

“वडापाव.”

“तो नको हो. म्हणजे इथला, खास इथला काय पदार्थ?”

“इथलाच आहे. आत्ता तळलाय.”

या उत्तरात खोट काढता येत नाही. वडापावचे श्रेय सर्वसाधारणपणे दादर स्टेशनबाहेर 1966 मध्ये गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते, तेव्हा मनोरीचा त्यावर थेट दावा नाही. पण सामग्रीचा विचार केला तर हे गाव वडापावला परके नाही. 1534 च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत हा टापू त्यांच्या अंमलाखाली राहिला. बटाटा, मिरची आणि पाव ही तिन्ही मंडळी या देशात आली ती पोर्तुगीजांचे बोट धरून. वडापावातून ती वजा केली तर एतद्देशीय असे बेसन, हळद आणि लसूण एवढेच शिल्लक राहते आणि ते खायला मनोरीला कोणी येणार नाही.

परदेशात शहरसहलीला जाऊन आलेल्या मंडळींची इथे विशेष पंचाईत होते. बँकॉकच्या गल्ल्या किंवा सिंगापूरची हॉकर सेंटरे पाहिलेला माणूस मनोरीच्या रस्त्यावर खाद्यपदार्थांची रांग शोधू लागतो. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत जागा दिली. मनोरीच्या टपरीला तसली हौस नाही. तिथे वडा, भजी, ऑम्लेट-पाव, चहा आणि बिस्किटांच्या बरण्या असतात. म्हणजे जे मालाडला आहे तेच, फक्त बसायला बाक मोकळा. इथली अडचण एका वाक्यात सांगता येते : मनोरीच्या रस्त्यावर जे विकत मिळते ते मनोरीचे नसते आणि जे मनोरीचे असते ते रस्त्याकडेला वाळत पडलेले असते.

हे वाळत पडलेले म्हणजे बोंबील. पाऊस संपला की कोळीवाड्यात बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील चढतात. ते टांगण्याची रीत जवळ जाऊन पाहण्यासारखी आहे. खिळा नाही, चिमटा नाही, सुतळी नाही. दोन बोंबील घ्यायचे, दोघांचे आ वासलेले जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकून द्यायची, एक अलीकडे आणि एक पलीकडे. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असल्याने ही मिठी वाऱ्याने सुटत नाही. कोळणींचे हात हे काम इतक्या झपाट्याने करतात की बघणाऱ्याला मोबाइलचा कॅमेरा उघडेपर्यंत दोरी भरलेली असते. मग ‘मावशी, परत एकदा करून दाखवा ना’ ही विनंती होते. तिला मिळणारे उत्तर मावशीच्या त्या दिवसाच्या विक्रीवर अवलंबून असते.

ओल्या बोंबलाच्या वजनात 85 ते 90 टक्के पाणीच असते. या बाबतीत तो दुधाच्या पंगतीत बसतो. हे पाणी काढणे हाच बोंबलाच्या पाकशास्त्राचा गाभा. सुकवायचा असेल तर ते काम ऊन-वारा करतात. तळायचा असेल तर बोंबील उभा चिरून, उघडून, वर पाटा किंवा जड काहीतरी ठेवून दाबतात. मग मीठ, हळद, तिखट, आगळ किंवा चिंच लावायची, तांदळाच्या पिठात वा रव्यात घोळवायचा आणि तव्यावर सोडायचा. चांगला जमलेला बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून जवळजवळ नाहीसा असतो. पहिल्यांदाच खाणारा शहरी माणूस त्यात काटा शोधत बसतो. काटा इतका मऊ असतो की तो शोधेपर्यंत गिळला गेलेला असतो. पण दाबण्याची पायरी गाळून, गिऱ्हाइकांच्या घाईपायी थेट तव्यावर टाकलेला बोंबील म्हणजे नुसता लगदा. असा बोंबील पानात आला तर दोष माशाचा नसतो.

मनोरीचे खरे जेवण घरांमधून आणि घरगुती खानावळींतून मिळते, आणि त्याला आगाऊ सांगावे लागते. हा नियम अनेक सहली उधळून लावतो. दुपारी दीड वाजता दारात उभे राहून ‘पाच जणांचं जेवण मिळेल का?’ असे विचारणाऱ्यांना भात आणि सहानुभूती मिळते. आदल्या दिवशी सांगून ठेवणाऱ्यांना तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, तळलेला बोंबील आणि हंगाम असल्यास शिंपल्या किंवा कोलंबी मिळते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजा मासा आहे ना?’ असे विचारणे म्हणजे घरधनिणीला खोटे बोलायला भाग पाडणे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, त्यानंतर हा प्रश्न खुशाल विचारावा.

ईस्ट इंडियन घरातले जेवण हा वेगळाच विभाग. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या या मराठी बोलणाऱ्या समाजाने 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ ही ओळख स्वीकारून आपली संस्था काढली. दिशेचा हा घोळ स्वयंपाकघरात मात्र शिरलेला नाही. तिथे सगळे ठाम असते, आणि सगळ्यात ठाम असतो बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरच्या आणि विसाहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून, कुटून तो करतात आणि गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेडाने रंग उतरत नाही. या कामाला बिअरच्या रिकाम्या बाटल्या फार सोयीच्या. त्यामुळे पहिल्यांदाच आलेला पाहुणा फळीवरची रांग बघून मनोमन खूश होतो आणि जेवायला बसल्यावर घाम पुसतो. जिन्नसांचे प्रमाण घरागणिक बदलते आणि कोणतेही घर ते पूर्ण सांगत नाही. लग्नासमारंभात याच घरांत फुगे तळले जातात : आंबवलेल्या पिठाचे गोल, पोकळ, किंचित गोडसर गोळे. ते झणझणीत रश्श्यात बुडवून खातात. सहलीच्या दिवशी गावात लग्न निघाले तर वासावरून कळते. आमंत्रणाविना पुढचे पाऊल टाकू नये, एवढेच इथे नमूद करणे पुरेसे आहे.

रस्त्यावर मिळणारी आणि तरीही अस्सल मनोरीची म्हणावी अशी गोष्ट उन्हाळ्यात सापडते. ती म्हणजे ताडगोळे. ताडाच्या एका फळात साधारणपणे तीन गोळे असतात. विकणारी बाई कोयत्याने फळ उडवून ते अलगद बाहेर काढते. त्यावरची फिकट पिवळी साल तुरट असते, ती नखाने सोलायची असते. शहाणे लोक गोळा आख्खा तोंडात टाकून मग चावतात, कारण आत गोड पाणी असते आणि अर्धवट चावल्यास ते समोर बसलेल्याच्या शर्टावर उडते. नवपरिणीत जोडपी हे हसण्यावारी नेतात, जुनी जोडपी अंतर ठेवून बसतात.

त्याच ताडाचा रस हा काळाच्या हिशेबाने चालणारा पदार्थ. पहाटे झाडावरून उतरलेला ताजा रस म्हणजे नीरा : गोड, निरुपद्रवी, शासनमान्य, उपनगरी स्टेशनांवरच्या केंद्रांत वर्षानुवर्षे विकली गेलेली. ऊन चढले की हवेतले यीस्ट कामाला लागते आणि तासा-तासाने तिची ताडी होत जाते. आणखी ठेवली तर ती आंबट होऊन सिरक्याच्या वाटेला लागते. त्यामुळे ‘ही नीरा आहे की ताडी?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायला विक्रेत्याला घड्याळ बघावे लागते. घरातल्या ज्येष्ठांना सकाळी अकरानंतर ‘नीरा’ पाजणाऱ्या पुतण्यांनी परतीच्या बोटीत त्यांच्या शेजारी बसण्याची तयारी ठेवावी.

चौपाटीवरच्या खाण्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. उकडलेल्या शेंगा, तिखटमीठ लावलेली कैरी, भाजलेले कणीस आणि काला खट्टा गोळा हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही किनाऱ्यावर मिळते. भेळेत वाळू येते, ती भेळवाल्याकडून नव्हे, वाऱ्याकडून. पालिकेने मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, दिवसाला 20 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प आखला आहे. लिंबू-सरबत खारट होईल या भीतीने त्यात चार चमचे साखर घालणाऱ्यांनी तो सुरू होईपर्यंत तरी हात आवरावा.

सहलीचा शेवटचा टप्पा म्हणजे सुका बाजार. सुके बोंबील, सुकट, जवळा विकत घेतल्याशिवाय मनोरीहून परतणे मत्स्याहारी घरात कमीपणाचे मानले जाते. सुका बोंबील घेताना वाकवून बघावा. कडकडीत वाळलेला पटकन मोडतो, लवणारा अजून ओला असतो आणि घरी जाऊन बुरशी धरतो. तीन पिशव्यांत गुंडाळला तरी त्याचा वास चौथ्या पिशवीची मागणी करतो. बोटीत तो कुणाला जाणवत नाही, बसमध्ये लोक एकमेकांकडे संशयाने बघतात आणि एसी लोकलमध्ये दार बंद झाल्यावर गुन्हेगार आपोआप उघडा पडतो. त्यातून इमारत शाकाहारी असेल तर लिफ्टऐवजी जिन्याने जावे. तेवढेच जेवण जिरते.

जेवणाआधी एक चौकशी मात्र चुकवू नये. मार्व्याला परतणारी शेवटची बोट किती वाजता सुटते, हे उतरतानाच जेट्टीवर विचारून घ्यावे आणि मगच बोंबलाची दुसरी प्लेट सांगावी. बोट चुकली तर उत्तन-भाईंदरचा वळसा पडतो आणि सुक्या बोंबलाची पिशवी बघून रिक्षावाला भाडे वाढवून सांगतो.