बॅग जिंकली

मे महिन्यात लहान मुलांना घेऊन मुंबईहून लखनौला जाणं ही सहल आहे, असं ज्यांना वाटतं त्यांची मुलं एकतर कॉलेजात असतात किंवा आजोळी. बाकीच्यांना ठाऊक असतं की ही घरकामाची बदली आहे. घरी जे करतो तेच तिथे करायचं. फक्त ओटा, मिक्सर, कपडे वाळत घालायची दोरी आणि कामाच्या मावशी यांच्याविना. शिवाय वर पैसे मोजायचे.

पुष्पक एक्सप्रेस साधारण चोवीस तासांत लखनौला पोचवते. हे रेल्वेचं वेळापत्रक. तीन वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात लखनौ कल्याणच्या पुढचंच स्टेशन असतं. “आलं का?” हा प्रश्न कल्याणला सुरू होतो. दोन दिवसांसाठी बांधलेला खाऊ कसारा घाट चढेपर्यंत संपतो. भुसावळला केळी घेतली जातात, ती कपड्यांना लागतात. भोपाळला मोबाइलची बॅटरी बसते आणि आपण मुलांना स्क्रीनपासून किती दूर ठेवतो ते सगळ्या डब्याला कळतं. झाशीला डबा गाढ झोपलेला असतो. एक जण सोडून.

यात बाबा काय करतात? बाबा प्रत्येक स्टेशनवर पाणी आणायला उतरतात. बाटली भरलेली असली तरी उतरतात. गाडी हलली की चढतात, तोंडाला चहाचा वास असतो आणि विचारतात, “झोपला का गं?”

पाच वर्षांखालचं मूल फुकट, हा आपल्या रेल्वेचा दिलदारपणा. फुकट म्हणजे बर्थशिवाय. बर्थ हवा असेल तर मोठ्या माणसाइतकं भाडं भरा. म्हणजे आरक्षणाच्या तक्त्यात जे मूल औषधालाही सापडत नाही, तेच खालच्या बर्थवर आडवं झोपतं आणि आई काठावर अधांतरी. पाच ते बारा वयाची तऱ्हा आणखी निराळी. पूर्वी अर्ध्या तिकिटात अख्खा बर्थ मिळायचा. 21 एप्रिल 2016 पासून अर्धं तिकीट हवं असेल तर बर्थ विसरा, बर्थ हवा तर पूर्ण भाडं. माहितीच्या अधिकारात 2023 साली उत्तर मिळालं: या एका बदलातून रेल्वेला सात वर्षांत सुमारे 2,800 कोटी रुपये जादा मिळाले. दहा कोटींहून जास्त मुलांच्या आईबापांनी पूर्ण भाडं भरलं. रात्रभर अर्ध्या बर्थवर झोपून पाहिलं असेल, तर का भरलं हे विचारायला नको.

या 2,800 कोटींच्या बदल्यात मुलांना काय मिळालं? अगदीच काही नाही, असं म्हणून कसं चालेल! दोन बर्थ मिळाले.

चेष्टा नाही. 8 मे 2022, मातृदिन. लखनौच्या चारबाग स्टेशनातून दिल्लीला जाणाऱ्या लखनौ मेलच्या बी-4 डब्यात 12 आणि 60 क्रमांकाच्या खालच्या बर्थना ‘बेबी बर्थ’ जोडले गेले. लांबी 770 मिलिमीटर, रुंदी 255. बाळ पडू नये म्हणून पट्टे, नको तेव्हा खाली दुमडून ठेवायची सोय. लखनौ विभागात कुणीतरी टेप घेऊन बाळ मोजलं होतं. मातृदिनाला आईला गुलाब देणारे पुष्कळ. अडीचशे मिलिमीटर जागा देणारे तेच पहिले. त्या अनाम अभियंत्याच्या घरी तान्हं मूल असणार, याबद्दल माझी पैज आहे.

प्रवाशांनी कौतुक केलं, फोटो देशभर फिरले. मग अडचणी पुढे आल्या, पार संसदेपर्यंत गेल्या: सीटखाली सामान ठेवायची जागा कमी होते, दोन सीटमधलं अंतर घटतं. म्हणजे डब्यातल्या एवढ्याशा जागेवर दोघांनी दावा सांगितला, एक बाळ आणि एक बॅग. बॅग जिंकली. बेबी बर्थ काही गाडीगाडीत पोचला नाही.

तरी चारबागची इमारत पाहून रागावता येत नाही. 1914 मध्ये पायाभरणी झालेलं, घुमट-मिनारांचं हे स्टेशन वरून बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणतात. खालून आम्ही प्यादी: एका हातात मूल, दुसऱ्यात बॅग, बगलेत पॉटी. प्यादं पुढेच सरकतं, मागे फिरायची त्याला मुभा नाही. गाड्यांचा आवाज बाहेरच्या पोर्चपर्यंत येत नाही, अशीही या इमारतीची ख्याती आहे. आवाज अडवण्याची ही कला फक्त इंजिनांपुरती आहे, हे आमच्या धाकट्याने पाच मिनिटांत सिद्ध केलं.

याच लखनौला 1916 च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनासाठी टिळक आणि त्यांचे अनुयायी ‘होमरूल स्पेशल’ या खास राखून ठेवलेल्या गाडीने आले होते. एकाही इतिहासकाराने त्या गाडीत बाबागाडी होती असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही. त्या अधिवेशनातला लखनौ करार इतक्या लवकर का जमला, याचं एक कारण मला यात दिसतं.

शहर पाहणं हा पुढचा अध्याय. पारा चाळिशीच्या पुढे. मलई मक्खनसाठी जीव टाकावा तर ते थंडीतलं खाणं. आणि थंडीत आपल्या शाळांना सुट्टी किती, ते सगळ्यांना माहीत आहे. बडा इमामबाडा मात्र बारमाही. 1784 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून आसफउद्दौलाने तो उभारायला घेतला. आत सुमारे 50 मीटर लांबीचा दिवाणखाना, मध्ये एक खांब नाही, तुळई नाही. गाइड एका टोकाला काडी पेटवतो आणि दुसऱ्या टोकाच्या गॅलरीत ती ऐकू येते. सगळे श्वास रोखून कान देतात. नेमक्या त्या क्षणी आमच्याकडून घोषणा झाली: “आई, शी!” नवाबाच्या वास्तुविशारदाचं कौशल्य वादातीत आहे. शेवटच्या कमानीखालच्या माणसानेही वळून पाहिलं.

त्यानंतरची इमामबाड्यातली भूलभुलैया पाहायची राहिली. प्रसाधनगृह शोधताना तो अनुभव आला होताच.

रात्री हॉटेलात लखनवी तहजीब अंगी बाणते. तीन वाजता डायपर बदलायची वेळ आली की नवराबायको दोघंही डोळे मिटून, अत्यंत अदबीने, पहले आप, पहले आप. फरक इतकाच की यात नवाब एकच असतो आणि तो पाळण्यात असतो.

परतीच्या तिकिटांचं बघताना रेल्वेचे नियम पुन्हा चाळले. थ्री एसीत माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं. तीन वर्षांचं मूल भरतं चौदा-पंधरा किलो. तेव्हा पुढच्या वेळी धाकट्याची नोंद प्रवासी म्हणून न करता सामान म्हणूनच करावी म्हणते. सामानाची जागा कमी झाली तर निदान संसदेत कुणी बोलतं तरी.