पोट साफ, लेख तयार

“सिस्टर, इस बार कुछ इन्स्पायरिंग लिखिए न. आठ सौ शब्द, बस.”

संपादकबाई हे ‘बस’ इतक्या सहज म्हणाल्या, की त्यांनी नर्सचं रजिस्टर कधी उघडून पाहिलं नसणार याची मला खात्री पटली. आठशे शब्दांत आमचा महिना निघतो. मिरजेला शिकत असताना मी एकदा ‘रात्र शांत गेली’ असं लिहिलं होतं. ट्यूटरबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “कुणाची? पेशंटची की तुझी?” तेव्हापासून विशेषण दिसलं की माझा हात आखडतो.

आमचं वार्तापत्र तिमाही आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता अशा मुलांची आणि आता मोठ्या झालेल्या माणसांची शुश्रूषा हा त्याचा विषय. इंग्लंडात या कामाला परिचर्येची स्वतंत्र शाखा आहे, तिची नोंदणीही वेगळी होते. आपल्याकडे तसं नाही. कुणी बालविभागातून येतं, कुणी मनोविकार विभागातून, आणि माझ्यासारखी एखादी नवऱ्याच्या बदलीमुळे दिल्लीला येऊन, मिळाली ती नोकरी धरून, पुढे तिथंच रमते. त्यामुळे ज्याला जे सापडलं ते त्यानं लिहून ठेवावं, ही संपादकबाईंची कल्पना चांगलीच आहे. फक्त ते लिहायचं मी, हा भाग सोडून.

मी वैशालीला राहते. लेख मेट्रोत, फोनवर लिहिते. लक्ष्मीनगरला पहिलं वाक्य सुचतं, मंडी हाउसला ते खोडलं जातं, राजीव चौकात गाडी बदलताना दुसरं सुचतं आणि गर्दीत हरवतं. पुढं यलो लाइनवर ग्रीन पार्क लागतं. तिथं ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचं मुख्यालय आहे. संघटना १९०८ सालची, आणि तिचं ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१० पासून निघतंय. म्हणजे विजेचा दिवा दुर्मीळ होता तेव्हाही कुणी तरी बाई ड्यूटी संपवून, पाय सुजलेले असताना, लेख लिहीत होती. ते स्टेशन आलं की मला उगाच अपराधी वाटतं.

शब्दांचं दुखणं निराळंच. मी कामाला लागले तेव्हा ‘मतिमंद’ म्हणत. मग कुणी ‘गतिमंद’ म्हणालं, कुणी ‘विशेष’, आणि सरकारनं ‘दिव्यांग’ आणलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि जुनं ‘मेंटल रिटार्डेशन’ जाऊन ‘इंटलेक्चुअल डिसॅबिलिटी’ आलं. योग्यच झालं. पण आमच्या एका उत्साही सहसंपादकानं संगणकाला हुकूम दिला, की अंकात जिथं जिथं ‘रिटार्डेशन’ दिसेल तिथं नवे शब्द घाल. संगणकानं इमानानं घातले. गर्भात बाळाची वाढ खुंटते त्याला वैद्यकात ‘ग्रोथ रिटार्डेशन’ म्हणतात. आमच्या अंकात गर्भाच्या वाढीलाच बौद्धिक अक्षमता आली. शिवाय १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या अधिकृत नावात तो जुना शब्द आजही आहे. संगणकानं संसदेला न विचारता कायद्याचं नाव बदलून टाकलं.

मराठीत ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द देखणा आहे, एखाद्या कवितासंग्रहाला शोभेल असा. पण मी ज्या मुलाला चार वर्षं सांभाळलं तो स्वतःत कधी मग्न नव्हता. तो छताच्या पंख्यात मग्न होता. पंखा एक नंबरवर आहे की तीनवर, हे तो डोळे मिटून आवाजावरून ओळखायचा. त्याला पंखमग्न म्हणावं, तर शब्दकोश ऐकणार नाही.

तर विषय. प्रेरणादायी काही तरी. मी आठवडाभर डोकं खाजवलं. आणि माझ्याकडे आलं काय, तर बद्धकोष्ठ.

हसू नका. या क्षेत्रातल्या जुन्या नर्सेसना चार शत्रू पाठ असतात: घास श्वासनलिकेत जाणं, शरीरातलं पाणी कमी होणं, फिट आणि बद्धकोष्ठ. यातल्या फिटला सगळे घाबरतात, कारण ती दिसते. घड्याळ लावायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर औषध आणि गाडी. भरवताना ताठ बसवायचं, जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही, हेही पटतं लोकांना. पण बद्धकोष्ठ येतं ते चोरपावलांनी. हालचाल कमी, काही औषधंच पोट जड करणारी, आणि वर आपलं शहाणपण. दिल्लीच्या थंडीत डायपर बदलायला कोण उठणार, म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद! हे घरोघरी चालतं. मी रागावत नाही. ती आई दिवसभरात सहा वेळा त्याला उचलत असते, तिच्या कमरेचं रजिस्टर कुणी ठेवलेलं नसतं.

आमच्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा होता. बोलत नसे. एका जानेवारीत तो भिंतीवर डोकं आपटू लागला. पहिल्या दिवशी म्हटलं गेलं, धुक्यामुळे घरी जाता आलं नाही म्हणून चिडलाय. दुसऱ्या दिवशी, वयात आलाय. तिसऱ्या दिवशी कुणी तरी ते नेहमीचं वाक्य म्हणालं, “ऑटिझम है, ये तो करेगा ही.” या वाक्याची मला धास्ती आहे. त्याखाली दाढदुखी झाकली जाते, कानदुखी झाकली जाते, मोडलेलं बोटसुद्धा झाकलं जातं. आमच्या कोट्टायमच्या सिनियर सिस्टर रजा संपवून आल्या, बॅग खांद्यावरच, रजिस्टर मागे मागे चाळत गेल्या आणि म्हणाल्या, “पाच दिवस झाले. कुणी बघितलं का?” पोट दगडासारखं लागत होतं. डॉक्टर आले, एनिमा दिला. संध्याकाळी तो मुलगा खिडकीत बसून संत्र्याच्या फोडी मोजत होता.

फ्लोरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाचं निरीक्षण यावर एक अख्खं प्रकरण लिहून ठेवलंय. कोट्टायमच्या सिस्टरांनी ते वाचलंय की नाही, मी विचारलेलं नाही.

मी हे सगळं लिहिलं. शेवटी एक तक्ता जोडला: तारीख, वेळ, किती, कशी, पाणी किती प्यायला. रात्री आईला सांगलीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग, “अगं, असलं छापत्यात व्हय? तुझं नाव घालून?”

संपादकबाईंनी मात्र एकच शंका काढली. “सिस्टर, इसमें इन्स्पायरिंग क्या है?” मी म्हटलं, तो संध्याकाळी संत्रं मोजत होता ना. त्यांनी ‘हम्म’ केलं आणि लेख सातव्या पानावर घेतला, सूर्योदयाच्या चित्राशेजारी.

अंक निघून पंधरा दिवस झाले, कुणी काही बोललं नाही. मग एका रात्री आम्ही वरणभातावर बसलो असताना फोन वाजला. फरीदाबादच्या एका केंद्रातली, कधी न भेटलेली नर्स. संदेश एवढाच: “दीदी, आपका चार्ट लगाया था. छठा दिन था. आज हो गया. बहुत सारा.”

“कुणाचं गं?” नवऱ्यानं विचारलं.

“वाचकाचं पत्र आहे,” म्हटलं, आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं वाचलं, चमचा ताटात ठेवला, आणि मुकाट्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.