तुमचं बरोबर आहे, सर

प्रस्तुत मार्गदर्शिका माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी आहे. वाचक निवृत्त, निरोगी आणि घरात फारसा विचारला न जाणारा असावा. नोकरदारांनी या वाटेला जाऊ नये, रजा पुरत नाहीत. लेखकाचा अनुभव सहा वर्षांचा असून विषय एकच आहे: आमच्या गल्लीतला ३४० मीटरचा काँक्रीटचा रस्ता. तो नगरसेवक भाऊंच्या फाटकापर्यंत झाला. फाटकापुढे मुरूम राहिला. मुरुमाचे बिल मात्र काँक्रीटच्या दराने निघाले आहे.

साहित्य. जोडपत्र 'अ' नमुन्यातला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, स्थळप्रतीसाठी झेरॉक्स, पाण्याची बाटली, छत्री आणि डिंक. डिंक घरून न्यावा. कार्यालयात डिंकाची बाटली असते, परंतु तीत डिंक असल्याचे अभिलेखात आढळून येत नाही.

अर्जाची भाषा. अर्जात एकच विषय असावा आणि तो १५० शब्दांत मांडावा, असा आपल्या राज्याचा २०१२ पासूनचा नियम आहे. मी एकतीस वर्षे मराठी शिकवले आणि पोरांना 'मुद्दे वाढवा' असे सांगत आलो. संक्षेप मला नगरपालिकेने शिकवला. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे तो 'का' विचारतो. माझ्या पहिल्या अर्जात 'रस्ता अर्धाच का?' असे होते. उत्तर आले की प्रश्नार्थक माहिती पुरविणे अधिनियमात अभिप्रेत नाही. रागावू नये, त्यांचे बरोबर आहे. कायदा कागद देतो, कारणे देत नाही. म्हणून कागदाचे नाव घेऊन मागावे: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला. सगळ्याच्या साक्षांकित प्रती, दोन रुपये पान.

यातली मोजमाप पुस्तिका हा खरा ग्रंथ. तिला सगळे 'एमबी' म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी तीत तारीख घालून लिहायची असते, खाली अभियंत्याची सही. बिल निघते ते या आकड्यांवर, जमिनीवरच्या रस्त्यावर नाही. ही एक गोष्ट समजली की आपल्याकडचा निम्मा राज्यकारभार समजतो. आमच्या रस्त्याची एमबी हाती आली तेव्हा मी ती एका बैठकीत वाचून काढली. आकडे निर्दोष, बेरजा बरोबर, अक्षर तर असे की वर्गात फिरवून दाखवावे. पूर्ण ३४० मीटर मोजल्याची तारीख आषाढी एकादशीची होती. त्या दिवशी सगळे गाव विठ्ठलाच्या देवळात होते आणि गल्लीत घोटाभर पाणी. सणाच्या दिवशी पाण्यात उभे राहून मुरुमावरचे काँक्रीट मोजणाऱ्या त्या अभियंत्याला पंढरीची वारी घडल्याचे पुण्य लागले असणार.

आवक खिडकी. अर्ज इथे द्यावा आणि स्थळप्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नये. खिडकीत आवकबाई असतात. त्या विचारतात, "कशाला पाहिजे?" कलम ६(२) प्रमाणे हा प्रश्न विचारता येत नाही. मी पहिल्या वेळी हे कलम त्यांना उभ्याने म्हणून दाखवले. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो सर, कायद्यातलं नाही विचारलं, सहज विचारलं. घरी बसवत नाही का तुम्हाला?" त्या दिवसापासून आमचे बरे जमते. आवक क्रमांकाचे व्यसन लागते, हेही इथेच सांगून ठेवतो. निळ्या शाईचा तो गोल शिक्का पडला की काहीतरी घडले असे वाटते. काही घडलेले नसते. माझ्याकडे असे ४७ शिक्के आहेत. बायको म्हणते, तिकिटे जमवली असती तर निदान पोरांना दाखवता आली असती.

मुदत. ३० दिवस. मोजू नका.

उत्तरे. पहिला प्रकार, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे हस्तांतरित करण्यात आला आहे.' संबंधित विभाग शेजारच्या टेबलावर असतो आणि दोन टेबलांमधला हा प्रवास अर्जाला तीन आठवडे पुरतो. दुसरा, 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे.' तिसरा, 'त्रयस्थ पक्षाशी संबंधित', म्हणजे ठेकेदाराला विचारले आणि तो नको म्हणाला. चौथा सर्वांत करुण: 'सदर संचिका आढळून येत नाही.' इथे मात्र खचू नये. फाईल हरवणे ही दैवी आपत्ती नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तेवढे एक वाक्य घालून, अभिलेख गहाळ झाल्याबद्दल गुन्हा नोंदवला असल्यास त्याची प्रत मागावी. आमची फाईल नवव्या दिवशी सापडली. कुठे, तर कपाटात.

(उत्तरांतले शुद्धलेखन तपासून पाठवू नये. मी एकदा लाल पेनाने तपासून परत पाठवले. पुढचे उत्तर अगदी शुद्ध आले. नकारच होता.)

सोमवार. ही युक्ती मला आवकबाईंनी दिली, पुस्तकात नव्हती मिळाली. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय २०१८ चा आहे. अर्जाची वाट पाहायला नको. बाई हळूच म्हणाल्या, "सोमवारी या सर. साहेब मीटिंगला असतात, कपाट उघडं असतं." ही बाई नसती तर एमबी मला या जन्मी दिसली नसती. कार्यालयाला मी एवढे बोल लावतो, पण त्याच कार्यालयातली तीही आहे.

पहिले अपील. पुन्हा ३० दिवसांच्या आत, २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलीय अधिकारी हे माहिती नाकारणाऱ्याचेच वरिष्ठ असतात, त्याच इमारतीत, त्याच चहावाल्याचे गिऱ्हाईक. सुनावणी सौजन्याने होते. साहेबांनी माझी एमबी पाहिली, एकादशी पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, सर."

मग चहा आला.

मार्गदर्शिकेचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे थांबतो. पूर्वी सरकार म्हणायचे, तुमचे चूक आहे. मग भांडता यायचे. आता ते म्हणते, तुमचे बरोबर आहे, पण बिल अदा झालेले आहे. तुमचे बरोबर आहे, पण दोषदायित्वाचा कालावधी संपलेला आहे. ही पद्धत आमच्या नगरपालिकेने शोधून काढलेली नाही, वरून आलेली आहे. पक्ष बदलणाऱ्यांना आवरायला १९८५ मध्ये घटनेला दहावे परिशिष्ट जोडले. २०२२ मध्ये आपल्या राज्यातल्या फुटलेल्या आमदारांचे जे सुरत-गुवाहाटी पर्यटन झाले, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते, असे न्यायालय म्हणाले. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला होता, त्यामुळे पूर्वीचे सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचे विधानसभा अध्यक्षांनी ठरवावे. त्यांनी १० जानेवारी २०२४ ला ठरवले: दोन्ही गटांतले कोणीच अपात्र नाही. पेपर वाचून मी बायकोला म्हटले, "हे तर आपल्या रस्त्यासारखंच झालं." ती म्हणाली, "तुम्हाला सगळंच रस्त्यासारखं दिसतं."

तसे झाले आहे खरे.

भाऊ. हे माझे विद्यार्थी नव्हेत, दुसऱ्या शाळेचे. तेवढे माझे नशीब. तरी दिसले की वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, "सर, अर्ज कशाला? एक फोन करायचा ना!" सहा वर्षांत त्यांनी तीन पक्ष पाहिले. फ्लेक्सवरचे नेते बदलले, फोटोतला पांढरा शर्ट आणि कपाळावरचा हात तोच. पालिकांच्या निवडणुका मुदतीत व्हाव्यात असे घटना सांगते. त्या कित्येक वर्षे झाल्याच नाहीत, प्रशासक बसला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, चार महिन्यांत घ्या. तेवढा काळ भाऊ एकाच फ्लेक्सवर 'माजी'ही होते आणि 'भावी'ही. त्यांना मी लुटारू म्हणावे, अशी अपेक्षा असेल. पण आईला अर्ध्या रात्री दवाखान्यात न्यायचे होते तेव्हा गाडी त्यांनीच पाठवली. तीही त्या अर्ध्याच रस्त्यावरून आली. गल्लीने त्यांना मत दिले, आणि का दिले ते मला १५० शब्दांत सांगता येईल. नको.

अर्जदाराचे चारित्र्य. निष्कलंक असावे. माझे नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची होती. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कोणीतरी म्हणाले, "कागदावर काही वजन ठेवा, पंख्यानं उडतोय." मी ठेवले. दोन दिवसांत माझे नाव लागले, आणि खरे सांगतो, घरी येताना मी खूश होतो. पुढे वाचनात आले की २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली तर सुटका. वाचेपर्यंत दोन वर्षे लोटली होती. तेव्हा ज्याला १०६४ वर फोन करायचा आहे त्याने पाकीट देण्याआधी करावा.

सुरक्षितता. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांची माहिती मागत असत. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी त्यांची हत्या झाली. माझे अर्ज सुरू झाल्यापासून बायको मला पहाटे फिरायला जाऊ देत नाही. माझ्या ३४० मीटरसाठी कोणी एवढे कष्ट घेणार नाही, हे मी तिला सांगतो. मी संध्याकाळी जातो.

दुसरे अपील. ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाकडे. माहिती दडवणाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाचायला फार छान वाटते. माझ्या अपिलाला नंबर लागायला अडीच वर्षे लागली. दरम्यान नळाच्या पाइपलाइनसाठी गल्ली उकरली. भाऊंच्या फाटकापर्यंतचे काँक्रीटही गेले आणि आता सगळीकडे सारखाच मुरूम आहे. सुनावणीत आदेश झाला की अर्जदारास माहिती विनामूल्य द्यावी. मिळाली. नसलेल्या रस्त्याच्या साक्षांकित प्रती आता माझ्या कपाटात आहेत, फडक्यात बांधून.

एवढ्यावर मार्गदर्शिका पुरी होत होती. पण गेल्या आठवड्यात दारावरची बेल वाजली. आवकबाई होत्या. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. पेन्शनची फाईल पुढे सरकत नाही, उपदानाचा पत्ता नाही. त्याच खिडकीत जातात, तर नवा मुलगा म्हणतो, "बाई, तुमचं बरोबर आहे."

"तुम्ही लिहून द्या सर," त्या म्हणाल्या. "दीडशे शब्दांत बसवा."

मी जोडपत्र 'अ' काढले, चष्मा लावला, आणि सवयीने तोंडातून गेले, "कशाला पाहिजे?"

बाईंनी पर्स उघडली आणि डिंकाची बाटली टेबलावर ठेवली. भरलेली होती.