वापरात आहे का?

तुमच्या गल्लीतही असा एक असेलच. आमचे गुरुजी हिंगोलीत असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत आणि आता लोकांच्या घरातल्या सामानावर डोळा ठेवून हिंडतात. चहाला येतात, पण कपाकडे बघतच नाहीत. न्हाणीतल्या बादलीकडे बघतात. मग तो प्रश्न : "ही वापरात आहे का?"

"आहे" म्हणावं, तर "मग दुसरी?" दुसरी नाही म्हणावं, तर बायको आतून ओरडते, "माळ्यावर आहे की!" आमच्या सतरंज्या अशाच गेल्या. लग्नातल्या आहेराचे डबेही गेले, देणाऱ्यांची नावं कोरलेले. एका मामेसासऱ्यांचं नाव सध्या कळमनुरी तालुक्यातल्या कुणा ऊसतोड कामगाराच्या खोपटात तिखटमीठ सांभाळतंय.

काळवेळ मात्र नाही. एका तेराव्याला जेवण उरकलं आणि गुरुजींनी कोपऱ्यातल्या काठीकडे बोट केलं, "दादांची ही... वापरात?" थोरल्या मुलाचा चेहरा असा झाला की आम्ही पंगतीतून उठलोच. चार दिवसांनी तोच मुलगा काठी आणि चष्मा घेऊन गुरुजींच्या दारात.

इतकं सगळं मागणारा हा माणूस जुने कपडे मात्र घेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा गुरुजी मदतीच्या ट्रकवर बसून गेले होते. रस्त्याकडेला भिजत पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग तिथे बघून आले. तेव्हापासून कुणी विटकी पॅन्ट आणली, की ते ती त्याच्याच कमरेला लावून बघतात. "तुम्हाला बसतीय की. मग कामून देताय?"

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गुरुजी मोंढ्यात पोचले. "हळदीच्या जिल्ह्यात वरणात हळद नसलेली घरं हायेत, शेठ. पेढे नका देऊ." अर्धं पोतं घेऊनच निघाले. ती हळद भरायला त्यांनी 'आनंदाचा शिधा'च्या पिशव्या जपून ठेवल्या होत्या. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं होतं ना, त्या. पिशवीवर नेत्यांचे फोटो. गुरुजी पिशव्या उलट्या करून भरतात. त्यामुळे सगळ्या नेत्यांना आतल्या आत हळद लागते.

मी त्यांना टाळायचो, हे सांगायला हरकत नाही. पण जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घरोघर शिरलं, तेव्हा गुरुजींनी गाडी हाकायला मलाच धरलं. मदत येत होती : तांदूळ, पीठ, फरसाण, पाण्याच्या बाटल्या. गुरुजींच्या पिशवीत काय, तर आगपेट्या, मीठ, फण्या, कपडे धुवायचा साबण, सॅनिटरी पॅड आणि परकराच्या नाड्यांचं एक भेंडोळं. नाड्या! मला हसू आवरेना. तेवढ्यात एका म्हातारीने ते भेंडोळं हातातून ओढूनच घेतलं आणि पोरींना हाका मारत सुटली. गुरुजी तिकडे पाठ करून गाडीचं चाक तपासत उभे राहिले. नाड्यांची वाटणी होईपर्यंत चाकात काहीतरी बिघाड होताच. भल्याभल्या समित्यांना जे सुचत नाही ते या माणसाला सुचतं, कारण तो आयुष्यभर लोकांच्या घरात नको तितकं बघत आलाय.

मध्यंतरी त्यांचा सत्कार झाला. व्यासपीठावर सतरा पाहुणे, सतरा शाली. फेटे वेगळेच. शाल खांद्यावर पडताच गुरुजींनी ती अंगठा आणि बोटात धरून चोळली, उजेडाकडे धरली आणि थेट माईकवर अध्यक्षांना विचारलं, "ही कुणाच्या वापरात येती का हो? याच पैशात सोलापुरी चादर येती. पुढच्या वेळी तीच द्या. आणि आता या सतरा इकडं जमा करा."

पंधरा जमा झाल्या. अध्यक्षांची आणि आमदारांची राहिली. गुरुजी त्या दोन शालींसाठी अजून फोन करतात, आणि साहेब अजून मीटिंगमध्येच आहेत.