चक्रमोचक

महाराष्ट्रातील, आणि त्यातही विशेषेकरून पुण्यातील, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळावर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आढळणाऱ्या, जुनी बर्म्युडा आणि एखाद्या बँकेने कधीकाळी फुकट वाटलेला टी-शर्ट परिधान करून स्वतःच्या मोटारीशेजारी उकिडव्या बसलेल्या गृहस्थास प्रस्तुत लेखात ‘चक्रमोचक’ असे संबोधले आहे. चक्र म्हणजे चाक आणि मोचक म्हणजे सोडवणारा, असा या संज्ञेचा सरळ विग्रह असला, तरी संस्थेतील इतर सभासद तिच्यातील एक काना, एक मात्रा आणि शेवटची दोन अक्षरे गाळून ती उच्चारतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे अशास्त्रीय असले, तरी अर्थाच्या दृष्टीने त्यात फारशी चूक काढता येत नाही.

रस्त्यात पंक्चर झाल्यामुळे नाइलाजाने चाक बदलणाऱ्या माणसाचा या वर्गात समावेश होत नाही, कारण तो आपद्धर्म होय. चक्रमोचकाचे चाक सुस्थितीत असते, टायरमध्ये हवा असते, गाडी आदल्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत विनातक्रार जाऊन आलेली असते, आणि तरीही ‘एकदा उघडून बघायला हवं’ ही जाणीव त्यास शनिवारी रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या होते. या जाणिवेचा उगम गाडीत शोधणे व्यर्थ आहे. ती उगम पावते गॅरेजवाल्याविषयीच्या अविश्वासात. सर्व्हिसिंगच्या नावाखाली मिस्त्री चाक उघडतच नाही, वरून फडके मारतो आणि बिलात ‘ब्रेक सफाई’ अशी एक ओळ वाढवतो, हा त्याचा मूलभूत सिद्धान्त असून, तो त्याने कोणत्या पुराव्यावर बांधला हे विचारणाऱ्यास ‘तुम्ही स्वतः कधी उभे राहून बघितलंय का?’ असा प्रतिप्रश्न मिळतो. पैसे वाचवणे हा हेतू तो सांगतो खरा, परंतु त्याचा पान्यांचा संच पाहिल्यास त्या रकमेत त्या गाडीची दहा वर्षांची सफाई सहज झाली असती असे दिसून येते.

हा संच बोहरी आळीतील नव्या आणि जुन्या बाजारातील वापरलेल्या अशा दोन घराण्यांचा असतो. चाकाचे नट खोलण्याचा पाना गाडीबरोबर मिळतोच. परंतु तो ‘कंपनीने नुसता द्यायचा म्हणून दिलेला’ असल्यामुळे त्याच्या दांड्यावर चढवण्यासाठी नळकामातून उरलेला लोखंडी पाइपाचा तुकडा जपून ठेवलेला असतो. दांडा जितका लांब तितका पीळ अधिक, हे तत्त्व त्यास आर्किमिडीजइतकेच प्रिय आहे. हा पीळ न्यूटन-मीटर या एककात मोजतात आणि लहान मोटारींच्या चाकाच्या नटांना तो साधारणपणे 85 ते 110 इतका पुरतो, म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर तीसेक किलोचा दाब दिला की काम भागते. चक्रमोचक मात्र नट आवळताना पान्यावर उभा राहतो. त्याचे वजन 75 किलो धरल्यास हा पीळ 200 च्या पुढे जातो, आटे ताणले जातात, आणि पुढच्या खेपेस तेच नट खोलताना ‘कोणत्या गाढवाने एवढे आवळलेत’ असे उद्गार ऐकू येतात. ठरावीक पीळ बसताच ‘टक’ असा आवाज करणारा टॉर्क पाना त्याच्याकडे असतो, पण तो खोक्यातून बाहेर काढल्यास त्याचे माप बिघडेल या भीतीने तो खोक्यातच असतो.

नट एका कडेने ओळीने न आवळता समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, म्हणजे चाक तिरपे बसत नाही, आणि गाडी जॅकवर चढवण्यापूर्वीच ते किंचित ढिले करावेत, म्हणजे चाक हवेत गरगर फिरत नाही, हे दोन नियम त्यास तोंडपाठ असतात आणि बघ्यांना तो ते समजावूनही सांगतो. मात्र समजावून सांगण्याच्या भरात दुसरा नियम पाळायचा राहून जातो, त्यामुळे जॅक पुन्हा उतरवावा लागतो. या मधल्या वेळात ‘स्टेपनी’ या शब्दाची कथा येते. प्रारंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. 1904 साली वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी अशा जादा चाकाचा धंदा काढला, त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, आणि त्या रस्त्यावरून पडलेले चाकाचे नाव तिकडे विसरले गेले तरी आपल्याकडील डिकीत सुखरूप राहिले. ही कथा खरी आहे. तिचा उत्तरार्ध मात्र चक्रमोचक सांगत नाही, तो असा की ती मूळ स्टेपनी पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून पकडींनी जोडली जाई आणि त्यासाठी चाक काढावेच लागत नसे.

या कार्यातील सहधर्मचारिणीचे स्थान पाहता कैकेयीचे स्मरण अपरिहार्य ठरते. लोकपरंपरेनुसार तिने युद्धात दशरथाच्या रथाच्या आसात हात घालून चाक सावरले आणि दोन वर मिळवले. येथील कैकेयीच्या हाती बॅटरी असते, तिचा झोत कायम चुकीच्या नटावर पडत असल्याचे तिला सांगितले जाते, आणि तिने मागितलेले दोन वर, म्हणजे ग्रीसचे हात बेसिनला लागू नयेत आणि नट ठेवायला स्वयंपाकघरातील ताटली घेऊ नये, दोन्ही नाकारले जातात. त्या ताटलीत चारही नट चाकावर होते त्याच कोनांत मांडलेले असतात, मध्ये हबकॅप पालथी ठेवलेली असते, आणि समोरून येणारे एखादे वृद्ध सभासद चप्पल काढावी की काय अशा विचाराने क्षणभर थबकतात.

चाक उतरले की सामान्य माणसाचे कुतूहल संपते आणि चक्रमोचकाचे तेथून सुरू होते, कारण आत हब असतो. हब म्हणजे ज्यावर चाक बसते व ज्याच्या पोटातील बेअरिंगमुळे ते आसाभोवती फिरते तो मधला भाग. बैलगाडीच्या चाकात ज्यास तुंबा म्हणत त्याचाच हा वंशज होय. बैलगाडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून खीळ मारत, आणि जुन्या घडणीच्या अनेक मोटारींत तेच काम मुकुटासारख्या खाचा असलेला नट आणि त्या खाचेतून आरपार जाणारी स्प्लिट पिन करते. ही पिन एकदा सरळ केली की फेकून द्यायची असते, तिची किंमतही क्षुल्लक असते; पण चक्रमोचक तिला पक्कडीने पुन्हा वळण लावून तीच बसवतो, आणि ज्या माणसाने पान्यांवर हजारो रुपये खर्चिले तो पिनेपाशी येऊन काटकसरी का होतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता येत नाही.

मागील चाकांत हबावर ब्रेकचा ड्रम असतो. ड्रम म्हणजे एक पालथे ओतीव पातेले, ज्याच्या आतल्या कडेला लायनर घासून गाडी थांबते. पुष्कळशा ड्रमांवर आटे असलेली दोन छिद्रे दिलेली असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने पिळत गेल्यास ड्रम आपोआप बाहेर सरकतो. परंतु ती छिद्रे गंजाखाली झाकलेली असल्याने चक्रमोचक हातोड्याची वाट धरतो. तासभर घाव घालूनही ड्रम तसूभर हलत नाही, वरच्या मजल्यावरील दुपारची झोप आधीच बिघडलेली असते, आणि अशा वेळी बराच काळ अदबीने उभा असलेला वॉचमन विचारतो, ‘साहेब, हँडब्रेक ओढलेला आहे का?’ हँडब्रेक अर्थातच ओढलेला असतो, कारण गाडी घरंगळू नये म्हणून तो ओढावा असे पुस्तकातच दिलेले असते. त्यामुळे लायनर ड्रमला आतून घट्ट धरून बसतात, आणि ड्रम काढायचा तर पुढच्या चाकांना विटा लावून तो सोडावा लागतो, हे पुढच्या पानावर असते. वॉचमनला त्यानंतर चहा आणायला पाठवले जाते.

येथे विनोद क्षणभर बाजूला ठेवणे भाग आहे. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे किंवा अडकलेल्या चाकाला पडल्यापडल्या लाथा घालणे यात जीव जाऊ शकतो, आणि गाडी पक्क्या तिकाटण्यावर टेकवल्याशिवाय तसे करू नये. रथाचे चाक स्वतःच्या हातांनी सोडवू पाहणाऱ्या कर्णाचा अंत महाभारतात नोंदलेला आहेच, आणि त्यास निदान रथाखाली शिरावे लागले नव्हते.

ड्रम निघाल्यावर एक स्प्रिंग उडून शेजारच्या गाडीखाली जाते, रॉकेलने बेअरिंग धुतले जाते, त्यात नवे ग्रीस बोटाने दाबून भरले जाते आणि उलटा प्रवास सुरू होतो. निमुळत्या रुळांचे बेअरिंग, ज्याचे पेटंट हेन्री टिमकेन याने 1898 साली घेतले, बसवताना नट आधी आवळून मग किंचित मागे घ्यायचा असतो. आवळलेलाच राहिला तर ते तापते आणि फार सैल राहिला तर चाक डगमगते. हा ‘किंचित’ म्हणजे नेमका किती, यावर चक्रमोचकाचा मनगटापलीकडे कोणावरही विश्वास नसतो. सर्व काही जागच्या जागी बसल्यावर ताटलीत एक वॉशर उरतो. कंपनी एखादा जास्तच घालते, असे म्हणून तो लोणच्याच्या जुन्या बरणीत टाकला जातो, जिच्यात 1983 साली अवतरलेल्या मारुती 800 पासून आजवर घरात आलेल्या प्रत्येक गाडीचा काही ना काही अंश मुरत पडलेला असतो.

सोमवारी गाडी चाळिसाच्या वेगाला पोचली की मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो. मंगळवारी काचा बंद करून आणि रेडिओ लावून तो ऐकू येत नसल्याची खात्री करून घेतली जाते. बुधवारी, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा लांबच्या एका गॅरेजात, चक्रमोचक हात पाठीमागे बांधून उभा असतो. मिस्त्री चाक उतरवतो, ड्रम ओढतो, दोनदा वळवलेली पिन चिमटीत धरून उजेडात बघतो आणि विचारतो, ‘काका, याला आधी कोणी हात लावला होता?’

‘होता एक गॅरेजवाला,’ चक्रमोचक उत्तरतो, ‘म्हणून तर त्याच्याकडे जाणं सोडलं.’