नुसता ठेका

तबला गुपचूप शिकता येत नाही. कविता करणारा वही उशीखाली सरकवतो, चित्रकार दार लावून घेतो, सतारीचा विद्यार्थी रात्री नुसती बोटं पडद्यांवर फिरवून वेळ निभावतो. तबलावाल्याचा हात किती कच्चा आहे, हे मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्या इमारतीला ठाऊक असतं, आणि पुढे तो हात जरा पिकला तरी इमारत आपलं मत बदलत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जन्मात कधी तबल्याला हात लावला नसेल. पण दिल्लीचा तो पहिला कायदा त्यांना माझ्याइतकाच पाठ आहे. धा ति ट धा ति ट धा धा ति ट धा गे ति ना कि ना. पोळ्या लाटता लाटता त्यांनी तो वर्षानुवर्षं ऐकला. एकदा जिन्यात गाठ पडली. आता तक्रार ऐकायची या तयारीने मी चेहरा केविलवाणा केला. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही शेवटी ते तीनदा वाजवता ना, ते दोनदा वाजवून मध्येच उठत जाऊ नका हो. आम्ही वर अडकून पडतो." त्या दिवशी फोन वाजला होता म्हणून मी तिहाई अर्धी टाकून उठलो होतो. तिहाई म्हणजे काय, याचं इतकं नेमकं विवेचन मी तबल्याच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तुकडा तीनदा यायचा आणि तिसऱ्या खेपेचा शेवटचा धा समेवर पडायचा. तो पडला नाही, तर शास्त्राचा गंध नसलेला माणूसही लाटणं हातात धरून थांबतो.

तबलजीच्या बोटांना सुट्टी नसते. बँकेतली रांग, ऑफिसातली मीटिंग, मोटारीचं स्टिअरिंग, स्वतःची मांडी, काहीही चालतं. लग्नानंतर सुरुवातीला बायकोचा समज झाला होता की मी जेवताना चिडलेला असतो, कारण ताटाच्या कडेवर सारखी टकटक चालायची. तो चिडचिडेपणा नसून तबल्याचा पेशकार आहे, हे तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग आमटी थंड होईपर्यंत चालतो का तो?" आमच्या दिवाणखान्यातला पंखा एकदा बिघडला आणि चक्क रूपकात फिरायला लागला. सात मात्रा, सम खालीवर, अगदी चोख. दुरुस्तीवाल्याला बोलवायला मी मुद्दाम उशीर केला. दुरुस्त झालेला पंखा काहीच म्हणत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रियाज म्हणजे रोज नवीन काहीतरी वाजवणं. रियाज म्हणजे रोज तेच वाजवणं. मोठ्या लोकांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात चिल्ला असतो. चाळीस दिवस स्वतःला कोंडून घ्यायचं आणि खाण्याझोपण्यापुरतं उठून वाजवत राहायचं. झाकीर हुसेन यांनीही चिल्ला केला होता. आमच्या नोकरीत चाळीस दिवसांची रजा साठेपर्यंत घरात एखादं लग्न निघायचं, नाहीतर कुणाला तरी कावीळ व्हायची. त्यामुळे माझा चिल्ला हप्त्याहप्त्याने, सकाळी दूध येण्याआधी झाला. गुरुजींकडे सल्ला एकच असायचा : "हळू." मी आणखी हळू करायचो. ते पुन्हा म्हणायचे, "हळू. जलद आपोआप येतं, स्पष्ट येत नाही." त्यांच्यासमोर आधी बोल तोंडाने म्हणायचे, पढंत करायची आणि तोंड साफ असेल तरच तबल्याला हात लावायचा. कित्येक दिवस तबला समोर ठेवून नुसता बोलून परत आलोय.

कायद्याचा नियमही त्याच्या नावाला साजेसा कडक. मूळ बोलांत जी अक्षरं आहेत तीच वापरायची, बाहेरचं एक आणायचं नाही. आधी भरी, मग खाली. खालीत डग्ग्याची घुमार मिटते आणि तोच मजकूर हलका होऊन परत येतो. एवढ्या भांडवलावर पलटे रचायचे. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब अशी सगळी घराणी अशा मूठभर अक्षरांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत. प्रतिभेला मोकळं रान लागतं असं म्हणतात. मला मोकळ्या रानात काही सुचत नाही. "वाट्टेल ते वाजव" म्हटलं की हात गोठतो. "ति आणि ट सोडून काही वाजवायचं नाही" म्हटलं की तासाभरात काहीतरी हाती लागतं.

वाद्याचा स्वभाव हा एक निराळाच विषय आहे. कुठल्याही साध्या चर्मवाद्यावर थाप मारली की जे उपस्वर निघतात ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा आवाज धप्प येतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध लोखंडाच्या बारीक भुकटीची आणि खळीची शाई थरावर थर देऊन, दगडाने घोटून बसवलेली असते. तिच्या वजनामुळे ते उपस्वर रांगेत येतात आणि तबला चक्क षड्जात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात आपल्या वाद्यांचं हे वैशिष्ट्य मांडलं. नोबेल नंतर मिळालं, वेगळ्या कामाला. पण आधी ज्या कुणा कारागिराने बोटाने खळ लावून, कानाने ऐकून हे साधलं, त्याचं नाव कुठल्याच नियतकालिकात नाही.

रामन यांचं गणित जुलै महिन्यात आमच्याकडे लागू पडत नाही. पुडी ओल धरते, स्वर उतरतो, गठ्ठे ठोकून ठोकून हातोडी थकते. मग मंचावर दिव्यांची ऊब लागली की तोच तबला न सांगता चढतो. या सगळ्या काळात पेटीवाला शेजारी निवांत बसलेला असतो. त्याचे स्वर कारखान्यातून पक्के होऊन आलेत. त्याने काळी एक दाबून धरायची आणि आपण घाम पुसत तिच्या मागे धावायचं. आमचा पेटीवाला मित्र पोस्टातून निवृत्त झालेला. मी गजऱ्यावर हातोडी मारत असलो की तो दर ठोक्याला "लागला" म्हणतो. तबला लागला म्हणून नव्हे, चहा यायची वेळ झाली म्हणून. या एका मुद्द्यावर आमचं तरुणपणापासून भांडण आहे, आणि ते मिटावं अशी दोघांचीही इच्छा नाही.

आमच्या शनिवारच्या बैठकीतला गाणारा शाळेत गणित शिकवायचा. मुलांना अपूर्णांक शिकवून दमलेला हा माणूस बारा मात्रा मोजायचं काम मात्र आयुष्यभर माझ्यावर सोपवून मोकळा झाला. विलंबित एकतालात त्याचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. धिं धिं धागे तिरकिट करत मी फेऱ्या घालतो, तो सुरांत कुठेतरी हरवतो, पेटीवाला डोळे मिटतो. त्याची झोप आणि त्याची समाधी यांतला फरक मला अजून ओळखता आलेला नाही. पण बाराव्या मात्रेनंतर तिघंही न चुकता एकाच ठिकाणी उगवतो.

एका शनिवारच्या बैठकीत या गणितवाल्याने मुखडा नेहमीच्या जागी उचललाच नाही. पाव मात्रा थांबला. मी चांगली घोटलेली चक्रदार तिहाई तयार ठेवली होती. ती राहिली हातातच, आणि उजव्या हाताची नुसती चाट एकदा हलकेच वाजली. पेटीवाल्याने डोळे उघडले. गाणारा हसला आणि समेवर आला. त्या एका 'ना'ने आम्हाला जे सुख दिलं ते माझ्या सगळ्या चक्रदारांनी मिळून दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी ती जागा पुन्हा वाजवून पाहिली. काही झालं नाही. वरून काकूंची पोळीही थांबली नाही. सुचणं घरी साठवून ठेवता येत नाही; ते दुसऱ्याच्या थांबण्यातून येतं. रियाजाचं काम एवढंच की ते येईल तेव्हा हात मोकळा असावा.

थोरांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. अल्लारखाँ यांनी अमेरिकन ड्रमर बडी रिचबरोबर १९६८ साली रेकॉर्ड काढली. एकाच्या पुढ्यात तबला-डग्गा, दुसऱ्याच्या पुढ्यात झांजांचा आणि ढोलांचा सगळा बाजार. पुढे त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन 'शक्ती' या वाद्यवृंदात विक्कू विनायकराम यांच्या घटमशेजारी बसले. उत्तरेची पढंत आणि दक्षिणेचं कोन्नक्कोल यांचं व्याकरण निराळं, पण समेवर दोघं हसायचे ते एकाच भाषेत. माहीमच्या या माणसाने २०२४ च्या डिसेंबरात निरोप घेतला, तेव्हा आमच्या शनिवारच्या बैठकीत कुणी वाद्याला हात लावला नाही. चहा मात्र झाला. पेटीवाल्याने त्यांच्या चहाच्या जाहिरातीची आठवण काढली आणि कुणालाच हसू आलं नाही.

आणि गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर! लयभास्कर म्हणून ओळखले जाणारे. हातांनी एक, पायांनी दुसरा आणि तोंडाने तिसराच ताल एका वेळी चालवायचे असं जुनी मंडळी सांगतात. मी हे ऐकलं त्या वयात घरी प्रयत्न करून पाहिला होता. आईने वैद्यांना बोलावलं.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते अहमदजान थिरकवा. फरुखाबाद घराण्याचा, बोटांच्या टोकांवर सगळी दिल्ली आणि सगळा पूरब बाळगणारा हा उस्ताद गंधर्व नाटक मंडळीत कित्येक वर्षं बालगंधर्वांच्या नाट्यपदांना साथ करत बसला. सारंगीला कादरबक्ष. एकल वादनाची मैफल एकट्याच्या जिवावर उभी करू शकणारा माणूस रात्रीमागून रात्री नटाच्या गळ्याकडे पाहत ठेका धरून राहतो, आणि त्याचं मोठेपण त्यात तसूभरही कमी होत नाही. लोक मात्र तबलजीचं मोठेपण अजूनही वेगात मोजतात. झाला फुटला की टाळ्या, रेल्याचा धूर निघाला की शिट्ट्या. 'शोले'त बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तिथला सामताप्रसादांचा तबला कोण विसरेल? मीही त्यावर वेडा झालो होतो. पण ते घोडे आता माझ्या मनगटात राहिले नाहीत. सांधे सकाळी आखडतात, तिरकिट पूर्वीसारखं उडत नाही. आणि गंमत अशी की गाणारा हल्ली म्हणतो, "तू आता चांगला वाजवायला लागलास." पेटीवाल्यानेही त्याला दुजोरा दिला, डोळे मिटूनच.

तेव्हा एक विनंती आहे. पुढच्या वेळी मैफलीला जाल तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात, गाणारा अजून षड्जाशी घोटाळत असताना, डावीकडे बसलेल्या त्या माणसाकडे जरा बघा. तो काहीही दाखवत नसेल, नुसता ठेका देत असेल. तिथे एखादी "वा" द्या. ती फुकट जाणार नाही. आणि आयोजकांना सांगणं एवढंच की जाहिरातीच्या फलकावर साथीदारांची नावं चष्मा न लावता वाचता येतील एवढ्या अक्षरांत छापा, आणि मध्यंतरात तबला पुन्हा लावायला दहा मिनिटं जास्त द्या. पावसाळ्यात पंधरा.