भुयारी रेल्वेतली कंडक्टरीण

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आमच्या वाचनकट्ट्यावर हे कुणीतरी सांगितलं आणि मी लगेच हात वर केला. "त्या अमेरिकेवर पुढच्या रविवारी मी बोलतो." इंग्रजीची भीती नव्हती. आयुष्यभर बँकेत इंग्रजी पत्रं लिहिली. सगळी 'विथ रेफरन्स टू'नं सुरू होत, ते सोडा.

गुलामगिरीवरचं एक इंग्रजी पुस्तक वाचायला घेतलं. शब्दकोश उघडला तो एकदाच, 'मॅन्युमिशन'साठी. मालकानं आपल्या गुलामाला स्वतःहून मोकळं करणं. एवढा भारदस्त शब्द पचल्यावर बाकीचे किरकोळच वाटले. 'अंडरग्राउंड रेलरोड'ला कशाला हवा शब्दकोश?

रविवारी मी भुयारी रेल्वे सुरू केली. स्टेशनं सांगितली. हॅरिएट टबमन ही धाडसी महिला कंडक्टर. "सुट्ट्या पैशांवरून वाद होतच असतील," ही कोटी पदरची.

"रूळ कुठे होते?" एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं.

रूळ नव्हतेच. इंजिनही नव्हतं. पळून जाणाऱ्या गुलामांची रात्रीची पायपीट, लपायला कुणाचं तळघर किंवा माळा, म्हणजे स्टेशन. वाट दाखवणारा तो कंडक्टर. टबमन १८४९ साली स्वतः निसटली आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन तिनं सुमारे ७० माणसं सोडवून आणली. सुट्टे पैसे मी गिळले.

'पिक्युलिअर इन्स्टिट्यूशन' ही दक्षिणेतली नामांकित शिक्षणसंस्था समजून मी तिच्या संचालकांचं कौतुकही करून बसलो होतो. तिथले मळेवाले गुलामगिरीलाच असं आडून म्हणत.

'चॅटल' मी छपाईची चूक समजून 'कॅटल' वाचलं. गुरंढोरं. चॅटल म्हणजे जंगम मालमत्ता, पण दोन्ही शब्दांचं मूळ एकच, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे भाषणातली माझी सर्वांत बरी गोष्ट चुकून झाली होती.

शेवटी सोपं वाक्य राखून ठेवलं होतं. १८३३ साली ब्रिटिश संसदेनं वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि दोन कोटी पौंड कॉम्पेन्सेशन मंजूर केलं. हा तर माझ्या टेबलावरचा रोजचा शब्द!

"पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना अखेर नुकसानभरपाई मिळाली," म्हणून मी टाळ्यांसाठी थांबलो.

"मालकांना," बाई म्हणाल्या.

मी पुस्तक उघडलं. वाक्य सरळ, शब्द सगळे ओळखीचे. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मालकांनाच.